केमिकल बायॉलॉजीत पीएच.डी. : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

केमिकल बायॉलॉजी म्हणजे रसायनाची साधनं वापरून जीवशास्त्राचे प्रश्न सोडवणं. रसायनात एम.एस्सी. करून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांचे, आणि उलट्या वाटेने येणाऱ्यांचेही, तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात. त्यातले सहा इथे घेतले आहेत.

ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. झालं. बायॉलॉजी बारावीनंतर सुटलं. पुण्या-मुंबईच्या संस्थांत घेतील का?

घेतात. सिंथेसिस (संयुगं बनवणं) येणारा हात या गटांना लागतोच. पात्रतेच्या अटी मात्र त्या संस्थेच्या यंदाच्या जाहिरातीत वाचा, मित्राने पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये नव्हे. शंका राहिलीच तर प्रवेश विभागाला ईमेल करा.

नेट केमिकल सायन्सेसची द्यावी की लाइफ सायन्सेसची?

ज्यात एम.एस्सी. केलं त्याची. गेट देणार असाल तर तिच्या लाइफ सायन्सेस पेपरात 25 गुणांचा रसायनाचा भाग सक्तीचा आहे, हे जीवशास्त्राच्या मुलांनी लक्षात ठेवावं.

एक कन्सल्टन्सी म्हणते, अमेरिकेत ‘केमिस्ट्री-बायॉलॉजी इंटरफेस’ ट्रेनिंग ग्रँटवर जागा मिळवून देऊ. पैसे भरावेत का?

भरू नका. या ग्रँट एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) टी-32 योजनेतून विद्यापीठांना मिळतात आणि त्यातला स्टायपेंड अमेरिकी नागरिकांना किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच देता येतो. भारतातून जाणाऱ्याला पैसे मिळतात ते विभागाकडून, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप म्हणून, आणि त्यासाठी अर्ज थेट विद्यापीठाकडेच करायचा असतो. या प्रशिक्षणातलं घेण्यासारखं म्हणजे रसायन आणि जीवशास्त्र अशा दोन्ही बाजूंच्या प्रयोगशाळांतली रोटेशन्स, म्हणजे थोडे थोडे दिवस आळीपाळीने केलेलं काम. ती करू देतील का, हे तिथल्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला स्वतः लिहून विचारा.

बारा शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारी संयुगं) केले. डॉकिंग स्कोअर (संयुग प्रोटीनमध्ये किती बसेल याचा संगणकी अंदाज) छान आहे. पैसे भरून बाहेर अँटीकॅन्सर टेस्टिंग केलं, एकाचा आयसी-50 (निम्मा परिणाम दिसायला लागणारी मात्रा) एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर 40 मायक्रोमोलर आला. प्रबंधाच्या नावात केमिकल बायॉलॉजी लिहू का?

नाही. आणि हे सविस्तर सांगायलाच हवं, कारण असे प्रबंध वाढत चालले आहेत आणि त्यात मुलांची उमेदीची वर्षं जात आहेत.

शिफ बेसचा इमीन बंध पाण्याने तुटतो. अल्डिहाइड आणि अमाइन सुटे होतात. पेशी तर 37 अंशांवर, पाणीदार माध्यमात, 48-72 तास असतात. मग 40 हा आकडा तुमच्या संयुगाचा की सुट्या अल्डिहाइडचा? पीएच 7.4 च्या बफरमध्ये 37 अंशांवर संयुग ठेवा आणि 0, 1, 4, 24 तासांनी एलसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) बघा. दोन दिवसांत निकाल लागतो.

पुढचा हिशेब डीएमएसओचा, म्हणजे संयुग ज्यात विरघळवतात त्या सॉल्व्हंटचा. 10 मिलिमोलरचा स्टॉक हजारपट पातळ केला की 10 मायक्रोमोलर मिळतं आणि डीएमएसओ 0.1 टक्का राहतं. त्याच स्टॉकमधून 100 मायक्रोमोलर गाठायचं तर डीएमएसओ 1 टक्का होतं, आणि तेवढ्याने पुष्कळ पेशींना नुसत्या सॉल्व्हंटचाच त्रास होतो. कंट्रोललाही तेवढंच घातलं होतं का? शिवाय 40 मायक्रोमोलरला सपाट, तेलकट संयुग माध्यमात विरघळलेलं राहीलच असं नाही. प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली की वेलच्या (प्लेटमधल्या छोट्या खळग्याच्या) तळाशी, पेशींच्या अंगावर, सुयांसारखे स्फटिक पडलेले दिसतात. विकतच्या रिपोर्टात ते दिसत नाहीत, तिथे फक्त आलेख असतो.

किती पेशी जिवंत आहेत हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात आणि ते 570 नॅनोमीटरला वाचतात. थायॉल किंवा कॅटेकॉल असलेलं संयुग हे काम पेशींशिवाय करू शकतं. मग मेलेल्या पेशीही जिवंत म्हणून मोजल्या जातात. म्हणून फक्त माध्यम आणि संयुग असलेले तीन वेल प्रत्येक प्लेटवर हवेतच.

शुद्धता एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) 95 टक्क्यांच्या खाली असेल तर संयुग पेशींपर्यंत नेऊच नका. कपलिंगमधून (दोन रेणू जोडणारी अभिक्रिया) उरलेलं पॅलेडियम एनएमआरमध्ये दिसत नाही. पेप्टाइडसोबत येणारं टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसेटिक अॅसिड) प्रोटॉन एनएमआरवर नीट कळत नाही, त्यासाठी फ्लोरिन एनएमआर घ्या. डॉकिंग स्कोअरवरून प्रयोग कुठून सुरू करायचा ते ठरवता येतं, संयुग प्रोटीनला बांधलं गेल्याचा पुरावा तो नव्हे.

टेस्टिंगवाल्यांकडे कच्ची रीडिंग्ज, प्लेटचा नकाशा, पेशींचा पॅसेज नंबर (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या) आणि मायकोप्लाझ्माचा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) पीसीआर रिपोर्ट मागा. मायकोप्लाझ्मा 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो आणि माध्यम गढूळही होत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी केलेला प्रयोग आहे का, की एकाच दिवसाचे तीन वेल, तेही विचारा. हे द्यायला नकार मिळाला तर तो आकडा छापू नका. त्यापेक्षा गाइडशी बोलून जीवशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्या आणि सहा आठवडे त्या प्रयोगशाळेत बसून स्वतः पेशी वाढवा.

मी बायोटेकची. क्लिक रिअॅक्शन (अझाइड आणि अल्काइन तांब्याच्या मदतीने जोडणारी) जिवंत पेशींवर केली, सगळ्या मेल्या.

तांब्याने मेल्या. जिवंत पेशींसाठी तांब्याशिवायची, डीबीसीओ (अझाइडशी आपोआप जोडला जाणारा अल्काइन) वापरणारी पद्धत घ्या. फिक्स केलेल्या (रसायनाने मारून जशाच्या तशा टिकवलेल्या) पेशींवर तांबं चालतं, पण कॉपर सल्फेट आणि पाचपट टीएचपीटीए (तांब्याला धरून ठेवणारं संयुग) आधी एकत्र करा, मग ताजं अॅस्कॉर्बेट घाला. अँटिबॉडीच्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून बऱ्याचदा सोडियम अझाइड असतं. ते तुमचं डीबीसीओ खाऊन टाकतं, म्हणून आधी डिसॉल्ट करा, म्हणजे असे छोटे रेणू अँटिबॉडीपासून वेगळे करा. आणि घन सोडियम अझाइडला कधी हात लावावा लागलाच तर धातूचा चमचा, अॅसिड आणि डायक्लोरोमिथेन तिन्ही लांब ठेवा: अॅसिडने विषारी, स्फोटक वायू निघतो, डायक्लोरोमिथेनशी स्फोटक संयुग होतं. सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

सिंथेसिस संपवून चौथ्या वर्षी सेल कल्चर शिकलं तर?

उशीर झाला. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून कमाल मुदत सहा वर्षं आहे. सेल कल्चर (पेशी वाढवणं) आणि पेशींवरची एक चाचणी स्वतःच्या हाताने जमायला सहा महिने धरा आणि पहिल्याच वर्षी सुरू करा. चौथं वर्ष उजाडलंच असेल तर या आठवड्यात सल्लागार समितीची बैठक मागा, आणि दोन्ही गाइडना एकाच वेळी बोलवा.