प्लेट टांगायची कशी? नेमबाजीचे तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी सूसला राहतो, मुळशीच्या बाजूला आमची छोटी शेतजमीन आहे. मुलीला एअर रायफलची आवड लागलीये, क्लबमध्ये ती कागदावर मारते, पण शेतावर गेलो की तिला स्टीलच्या प्लेटा हव्यात, टण्ण आवाज येतो म्हणून. तयार स्टँड महाग आहेत आणि ओळखीचा वेल्डिंगवाला आहे. घरच्या घरी स्टँड कसा करावा?

जरूर करा, वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कारण बहुतेक घरगुती स्टँड तिथेच चुकतात. स्टँडचं काम फक्त प्लेट धरून ठेवण्याचं नाही. फुटलेलं शिसं कुठे जाणार हे स्टँड ठरवतो. एअर रायफलचा छर्रा शिशाचा असतो, शिसं मऊ, तो प्लेटवर चपटा होतो, त्याच्या चिपा होतात आणि त्या प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून सगळ्या बाजूंनी बाहेर उडतात. प्लेट अगदी सरळ उभी असली तर काही चिपा वर, काही बाजूला आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर काही थेट तुमच्याकडे. तीच प्लेट वरून पुढे झुकलेली, म्हणजे तोंड जमिनीकडे केलेली असली की बराचसा माल खाली मातीत जातो. साधारण 20 अंशांचा झुकाव पुरतो.

आता हा झुकाव आणायचा कसा, तर लोक फ्रेमच तिरकी करतात आणि मग ती वाऱ्याने पडते. त्याची गरजच नाहीये. प्लेटच्या वरच्या कडेजवळ दोन भोकं पाडा, त्यातून बोल्ट घाला, डोकं पुढच्या बाजूला (गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट मिळाला तर उत्तम, सहा कोनी डोक्याच्या कडांवरून छर्रा कुठेही उडतो), मागून नट घट्ट आवळा, आणि साखळी प्लेटला लगटून लावायची नाही, बोल्टच्या मागच्या टोकाला लावायची. टांगलेल्या वस्तूचं वजन नेहमी टांगणीच्या बरोबर खाली यायला बघतं, टांगणी मागे सरकवली की प्लेटचा खालचा भाग मागे जातो आणि वरचा पुढे येतो, झुकाव आपोआप मिळतो. हिशोब सोपा आहे : बोल्टच्या भोकापासून प्लेटच्या मध्यापर्यंत खाली 55 मिलिमीटर असेल आणि साखळी 20 मिलिमीटर मागे असेल तर बरोबर 20 अंश. प्लेट मोठी असेल तर त्याच प्रमाणात बोल्ट लांब घ्या. नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, साधे नट ठोके खाऊन ढिले होतात आणि बोल्ट भोकात फिरायला लागला की झुकाव गेलाच.

साखळ्या दोन हव्यात, एकीवर प्लेट गरागरा फिरते आणि मग छर्रा तिच्या कडेवर बसतो, त्यातला वाईट प्रकार तोच. दोन्ही साखळ्या वर जाताना थोड्या बाहेर फाकवल्या की फिरणं अजून कमी होतं.

फ्रेमसाठी सुताराच्या घोडीचा आकार घ्या, दोन्ही टोकांना दोन-दोन फाकलेले पाय आणि वर एक आडवी दांडी. पायांना एक इंची चौकोनी पाइप चालतो, दांडीला 12 मिलिमीटरची सळई. सळई गोल असल्यामुळे चुकून छर्रा लागला तर बाजूला सरकतो, चौकोनी पाइपची सपाट बाजू मात्र समोर आली तर तो सरळ परत येऊ शकतो, म्हणून पाय फिरवून वेल्ड करायला सांगा, कोपरा नेमबाजाकडे. एवढं करूनही पायांपुढे पाइनच्या फळ्या तारेने बांधाच, पॅकिंगच्या पेट्यांच्या मिळतात, खराब झाल्या की बदलायच्या. सागवानाची किंवा कुठलीही कडक लाकडाची फळी नको, कमी ताकदीचा छर्रा कडक लाकडावरूनसुद्धा उसळतो, हे खूप जणांना खरंच वाटत नाही. दांडीची उंची तीन फूट ठेवा, जास्त नको. मुलगी उभी राहून मारेल तेव्हा नळी थोडी खाली असेल आणि चुकलेला छर्रा लवकर जमिनीत जाईल.

प्लेटची जाडी : एअर रायफलला साधं एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील पुरतं, 3 मिलिमीटर. याहून जाड घ्यायचा मोह होतो पण मग प्लेट हलतच नाही. 10 मीटर स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेसात ज्यूल. 50 मिलिमीटर व्यासाची 3 मिलिमीटर जाड चकती भरते सुमारे 46 ग्रॅम, ती या छऱ्याने मस्त झोका घेते. तीच 10 मिलिमीटर जाड केली तर दीडशे ग्रॅम, नुसती थरथरते. भोसरीत लेसर कटिंगवाल्याकडे चकत्या एकदम स्वच्छ कापून मिळतात, मग फक्त कडा घासून घ्या. नट-बोल्ट, साखळी बोहरी आळीत. स्टँडला रेड ऑक्साइड मारा नाहीतर मुळशीचा पाऊस एका सीझनमध्ये खाऊन टाकेल, प्लेटला मात्र पेंट वगैरे नको, चुना पाण्यात कालवून ब्रशने फिरवायचा, प्रत्येक मार स्वच्छ दिसतो आणि परत फिरवायला मिनिटही लागत नाही.

आणि कृपा करून मागे बॅकस्टॉप म्हणजे छर्रा अडवणारी भिंत केल्याशिवाय पहिला छर्रासुद्धा मारू देऊ नका. तुमच्याकडे टेकडीचा उतार असेल आणि तुम्हाला वाटेल की झालं की, आयता बांध. पण आपल्या भागात वरवरच्या मुरमाखाली काळा बेसॉल्ट बसलाय, त्यावर आपटलेला छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये चाळलेली वाळू भरा आणि प्लेटांच्या मागे, दोन्ही बाजूंनी आणि वर चांगली दोन-तीन फूट जास्त येईल अशी भिंत रचा. प्लेटांखालची जमीनसुद्धा खडी वेचून साफ करा, खाली उडालेलं शिसं परत दगडावरच आपटणार असेल तर झुकावाचा उपयोग काय. चुकलेला छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो, आणि शेताच्या मागून वाट जाते का, गुरं चरतात का हे तुम्हालाच माहीत.

अंतर 10 मीटरपेक्षा कमी कधीही नको, 15 असेल तर छानच. गॉगल पॉलिकार्बोनेटचे, मुलीला, तुम्हाला आणि बघायला आलेल्या आजीलासुद्धा. नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही, बाजू उघड्या राहतात.

प्रश्न : स्टीलच्या बारीक गोळ्या म्हणजे बीबी स्वस्त मिळतात, त्या स्टील प्लेटवर चालतील का? (वाचक, हडपसर)

नाही. अजिबात नाही, कुठल्याही अंतरावरून नाही, गॉगल घालूनही नाही. शिसं आपटून चपटं होतं आणि त्यातच त्याची ताकद संपते, पोलादाची गोळी चपटी होत नाही, जवळजवळ तशीच्या तशी परत येते. स्टील टार्गेट म्हणजे शिशाचे छर्रे, दुसरं काहीच नाही. तांब्याचा मुलामा दिलेले बीबी दिसायला मऊ वाटतात, आतून पोलादच असतं ते.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे, बालेवाडीला 10 मीटर एअर पिस्तूल शिकते. बाबा म्हणतात घरी सोसायटीच्या टेरेसवर स्टील प्लेटा लावू, रोज प्रॅक्टिस होईल. याने माझा स्कोअर वाढेल का?

बाळा, दोन गोष्टी. पहिली बाबांना वाचून दाखव : सोसायटीच्या टेरेसवर नको. कठड्याच्या पलीकडे लोकांच्या बाल्कन्या आहेत, वर कबुतरं बसतात आणि एखादा चुकार छर्रा खाली पार्किंगमध्ये गेला तर जबाबदारी तुमची. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर गनला शस्त्र नियम 2016 प्रमाणे लायसन लागत नाही हे खरंय, पण लायसन लागत नाही म्हणजे कुठेही चालवायची मोकळीक आहे असं नाही, दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर कायदा लागतोच. आणि पक्ष्यावर तर चुकूनही नको, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या स्कोअरची. एअर पिस्तुलाच्या टार्गेटमधला दहाचा गोल 11.5 मिलिमीटरचा, रायफलचा तर 0.5 मिलिमीटरचा ठिपका. तुझा शॉट डावीकडे किती गेला, खाली किती गेला, तीन शॉट एकत्र बसले की पसरले, हे सगळं कागद सांगतो. स्टील प्लेट एवढंच सांगते की लागला किंवा नाही लागला. बालेवाडीलाच सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून मारायचं) कांस्य आणलं, तो खेळ असाच मिलिमीटरच्या दशांशांचा आहे. म्हणून घरी सराव करायचाच असेल तर गोळी न घालता, भिंतीवर छोटा ठिपका लावून, पिस्तूल रिकामं आहे हे प्रत्येक वेळी बघून ड्राय प्रॅक्टिस कर, याचा फायदा प्लेटांपेक्षा कितीतरी जास्त. आधी कोचना विचार, एअर पिस्तुलाला ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती कशी वापरायची ते दाखवतील.

प्लेटा वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये हं. परीक्षा झाली की कधीतरी मोकळ्या जागेत मोठ्यांबरोबर जा आणि मार, मन मोकळं होतं.

प्रश्न : साखळी सारखी तुटते. जाड साखळी घेतली तर प्लेट हलत नाही. काय करू? (वाचक, चिंचवड)

साखळी जाड करण्यापेक्षा छऱ्याच्या वाटेतून काढा. वर सांगितलंय तशी ती प्लेटच्या मागे गेली की अर्धी तुटातूट थांबते. राहिलेल्या वरच्या भागासाठी कन्व्हेयर बेल्टच्या रबरी पट्ट्या वापरून बघा, दोन बोटं रुंद. छर्रा त्यात भोक पाडेल किंवा अडकेल पण पट्टी लगेच तुटत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असे तुकडे मिळून जातात, आतून कापडाचा थर असलेला बघून घ्या, नुसतं रबर लोंबतं. पट्टी थोडी कडक असते त्यामुळे झुकाव एकदा लटकवून तपासा.

प्रश्न : नमस्कार. मी सैन्यातून निवृत्त झालोय, माझ्याकडे लायसनची .22 रायफल आहे. एअर रायफलचाच स्टँड शेतावर .22 साठी वापरावा म्हणतो. प्लेट जाड घेतली की झालं ना? (वाचक, वानवडी)

नमस्कार साहेब. मनापासून सांगते, शेतावर नको, .22 मान्यताप्राप्त रेंजवरच चालवावी. ती गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते, आणि पुण्याच्या आसपास आता एवढं मोकळं रान राहिलंय कुठे, जिथे काल माळ होता तिथे आज प्लॉटिंगच्या पाट्या आहेत. वाळूच्या गोण्यांची माझी भिंत एअर रायफलसाठी आहे, .22 साठी नाही.

रेंजच्या अधिकाऱ्यांनी स्टील टार्गेटला परवानगी दिली तर प्लेटचं सांगते. इथे जाडीपेक्षा कडकपणा महत्त्वाचा. साधं एम.एस. साधारण 120 ब्रिनेल (कडकपणा मोजायचं माप), टार्गेटसाठीचं एआर 500 हे कडक पोलाद नावाप्रमाणे 500 च्या आसपास. मऊ प्लेटवर खळगे पडतात आणि खळग्यात आलेली पुढची गोळी वळून मागे येते, सपाट प्लेटवर सगळा हिशोब कडेला उडणाऱ्या चिपांचा असतो, तो तिथे कोलमडतो. खळगा, भेग किंवा पोक आलेली प्लेट सरळ भंगारात द्यायची. कडक प्लेटवर वेल्डिंग करू नका, तापलेल्या पट्ट्यात तिचा कडकपणा जातो, बोल्टनेच लटकवा. पक्क्या प्लेटवरसुद्धा पिस्तुलाला किमान 10 आणि सेंटरफायर (.22 पेक्षा जास्त ताकदीच्या काडतुसाच्या) रायफलला 100 मीटर अंतर धरतात, आणि पोलादी गाभ्याच्या गोळ्या बिलकुल नाहीत.

प्रश्न : मला लटकणाऱ्या नाही, पडणाऱ्या प्लेटा करायच्यात, प्राण्यांच्या आकाराच्या. मापं काय? (वाचक, तळेगाव)

याला मेटॅलिक सिल्हूट म्हणतात, मेक्सिकोतून आलेला खेळ. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा असे चार आकार. मोठ्या रायफलला 200, 300, 385 आणि 500 मीटर, आणि एअर रायफलला आकार एक दशांश करून 20, 30, 36 आणि 45 यार्ड, म्हणजे साधारण 18, 27, 33 आणि 41 मीटर. यात स्टँड म्हणजे नुसती आडवी पट्टी, प्राणी तिच्यावर आपल्या पायाच्या तळव्यावर उभा, मागे पडला तरच मार धरायचा. पट्टी लेव्हलमध्ये लावा, नाहीतर वाऱ्यानेच मेंढा पडेल. पट्टीच्या पुढच्या कडेला पाइनची फळी विसरू नका, खाली गेलेले सगळे शॉट तिथेच लागतात. आणि पडलेले उभे करायला जाताना सगळ्यांच्या रायफली उघडून, रिकाम्या करून खाली ठेवलेल्या असल्या पाहिजेत, एकही माणूस हत्याराला हात लावून उभा नको.

प्रश्न : खाली पडलेलं शिसं झाडून टाकलं तर चालतं का? घरात लहान बाळ आहे. (वाचक, कात्रज)

कोरडा झाडू नको, बारीक धूळ उडते आणि तीच श्वासात जाते. प्लेटांखाली वाळूचा ट्रे ठेवा, चिपा त्यातच पडतील, मग पाण्याचा हलका फवारा मारून वाळू चाळायची, हातात ग्लोव्ह्ज घालून. शिसं डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, ते घेतात, कचऱ्यात किंवा विहिरीच्या आसपास टाकू नका. मारताना खाणंपिणं बंद. संपलं की हात-तोंड साबणाने धुवायचं आणि बाळाला घ्यायच्या आधी कपडे बदलायचे, हे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर मशीनला लावायचे नाहीत. बूट दाराबाहेर.