शुद्धिपत्र त्याच पानावर

प्रिय पोरी,

परवा तू उठून गेलीस तेव्हा तुझा चहा तसाच होता, वर साय धरलेली. "काका, आता मी कशावरच बोलणार नाही, मला अधिकारच नाही," असं म्हणत तू चप्पल घातलीस. मी गप्प राहिलो, कारण मला राग आला होता, आणि रागात बोललेलं मला महिनोन्‌महिने छळतं. म्हणून लिहितोय.

झालं ते एवढंच ना? गाझातला म्हणून तू एक फोटो टाकलास. ढिगाऱ्यात बसलेलं मूल, केसांत सिमेंटची धूळ. खाली चार ओळी लिहिल्यास, चांगल्या लिहिल्यास. दोन दिवसांनी कुणीतरी दाखवून दिलं की फोटो सीरियातला आहे, कितीतरी वर्षांपूर्वीचा. तू तो रात्री गुपचूप काढून टाकलास. सकाळी ग्रुपवर तुझी टर उडाली, आणि तू ठरवलंस की आता तोंड उघडायचं नाही.

तुला वाटतंय फोटो टाकला तिथे चुकलं. मला वाटतं रात्री काढला तिथे चुकलं.

मी एकोणचाळीस वर्षं प्रुफं तपासली. आधी नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायच्या जमान्यात, आणि पुढे एका दैनिकात. चुका होतात. खिळा उलटा बसतो, "मरण" चं "मारण" होतं, आणि चार वेळा वाचूनही डोळा त्यावरून घसरून जातो. चुकीची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती शुद्धिपत्राच्या जागेची. पहिल्या पानावर चूक करायची आणि चार दिवसांनी आतल्या पानात, "हरवले आहे" आणि प्रथम पुण्यस्मरण यांच्या मधे, मुंगीएवढ्या अक्षरांत दुरुस्ती द्यायची. चूक ज्या पानावर, शुद्धिपत्र त्याच पानावर. मला एवढंच येतं आणि मी तुला एवढंच सांगणार आहे.

एकदा आमच्याकडे एका गुन्ह्याच्या बातमीत आरोपीऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव छापलं गेलं. तो माणूस ऑफिसात आला. हातात बातमीचं कात्रण, इतक्या वेळा उघडलेलं की घडीवर कागद फाटला होता. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. दुरुस्ती सातव्या पानावर येईल असं सांगितल्यावर तो म्हणाला, "माझ्या लेकीच्या सासरचे पहिलंच पान वाचतात हो." मी संपादकांकडे भांडलो. पहिलं पान रडगाण्यासाठी नसतं, असं उत्तर मिळालं. दुरुस्ती सातव्या पानावरच आली. त्यानंतर मला बढती मिळाली नाही, आणि मी आडमुठा आहे हे ऑफिसात कायमचं ठरून गेलं. असेन. त्या फाटलेल्या घडीसमोर आडमुठेपणा मला फार मोठा दोष वाटत नाही.

मला वाटायचं ही आपल्याकडचीच खोड. मग कळलं, सगळीकडे हेच. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत असं सांगणाऱ्या बातम्या २००३ च्या युद्धाआधी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकल्या. त्या बातम्या नीट पारखल्या नव्हत्या ही कबुली आली २६ मे २००४ ला, आतल्या दहाव्या पानावर. तोवर बगदाद पडून वर्ष उलटलं होतं.

आणि फसलेली तू पहिली नाहीस. १० ऑक्टोबर १९९० ला एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकेतल्या खासदारांपुढे रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी काचेच्या पेट्यांतली तान्ही बाळं बाहेर काढून फरशीवर मरायला टाकली. जगाने विश्वास ठेवला. मीसुद्धा ठेवला, नाक्यावरच्या टपरीवर आवाज चढवून ती गोष्ट सांगितली. १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूताची होती, आणि पेट्यांच्या त्या कहाणीला पुरावा मिळाला नाही. अ‍ॅम्नेस्टीसारख्या मानवी हक्कांच्या संस्थेनेही आधी ती उचलून धरली होती, पण नंतर जाहीरपणे मागे घेतली. मी टपरीवर काही मागे घेतलं नाही. चहा पीत राहिलो.

पण तू यातून काढलेला अर्थ मला अजिबात मान्य नाही. तो फोटो सीरियाचा निघाला म्हणून गाझात मेलेलं पोर उठून बसलं का? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, ते अमानुष होतं. त्यानंतर गाझात हजारो मुलं मेली, तेही अमानुषच, आणि दुसरं सांगताना पहिलं गिळायची गरज नाही. नकाशा काढून बघ. गाझाची पट्टी लांबीला सुमारे एक्केचाळीस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशकाहून निघालीस तर इगतपुरी यायच्या आत संपली. अरुंद जागी रुंदी द्वारका सर्कल ते नाशिकरोड एवढी. त्यात वीस लाखांवर माणसं. यावर बोलायला तुला अधिकार लागतो? हा अधिकार देणारं ऑफिस कुठे आहे ते तरी सांग.

आणि हे दूरचं आहे असं तुझ्या वडिलांना विचार बरं. या युद्धापायी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात युरोपकडे निघालेले आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेले. भाडं वाढलं, वाटेत दहा-पंधरा दिवस जास्त. त्या जानेवारीत तुझे वडील बागेच्या बांधावर उकिडवे बसून मोबाइलवर बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी कुठे आहे ते शोधत होते, हे तूच मला सांगितलंस. तुझ्या ग्रुपच्या आधी ते युद्ध तुमच्या मळ्यात येऊन गेलं होतं.

आता माझ्या पानाकडे येतो. हे मी घरच्यांनाही धड सांगितलेलं नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावंच्या गावं पेटली. मी बावीस वर्षांचा होतो. आमच्या छापखान्यात एक वयस्क जुळारी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. दुपारची वेळ होती. मामा छापून झालेल्या पानाचे खिळे परत पेटीतल्या ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने, टिक टिक टिक. मी पेपर वाचून दाखवत होतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाव बदलून काय भाकरी मिळणार आहे?" दोघे-तिघे हसले. मीही हसलो. टिकटिक थांबली. मामा म्हणाले, "माझा बाप काळाराम मंदिराच्या दारात बसला होता. त्यालाही हेच विचारलं होतं. दार उघडून काय भाकरी मिळणार?" आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली.

मंदिरप्रवेशाचा तो सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. माणसं मंदिराच्या चारही दारांशी बसली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले, काही वर्षं हे चाललं आणि दार न उघडताच थांबलं. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बावीस वर्षं नाशकात काढून मला यातलं काहीच धड ठाऊक नव्हतं. पंचवटीत रोज सायकलवरून जायचो.

पुढे वाचलं, माणसं भेटली, मत बदललं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यानंतर काही दिवसांनी मामा मला शालिमारला बसथांब्यावर दिसले. म्हातारे झाले होते, हातात औषधांची पिशवी. मी जवळ गेलो, वाकलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "मामा, तेव्हा तुमचं बरोबर होतं." मामांनी माझ्याकडे पाहिलं, कडवटपणा नव्हता त्यात, आणि म्हणाले, "तेव्हा खोलीत सात जण होते."

बस आली. ते गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

कळलं का मी इतका का मागे लागतो ते? पोरवय होतं, घरी कमावता मीच होतो, मालकासमोर वातावरण तसंच होतं, ही सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत आणि ती खरीही आहेत. पण सात जणांसमोर बोललेलं एकाच्या कानात मागे घेता येत नाही. चूक ज्या पानावर, शुद्धिपत्र त्याच पानावर.

मामांनंतर मी हे करायला लागलो. आमच्या दर महिन्याच्या गप्पांच्या बैठकीत मी एकदा दादा कोंडक्यांच्या सिनेमांना नावं ठेवली, चव नसलेल्यांची करमणूक वगैरे. पाहिला एकही नव्हता. मग एका जत्रेत तंबूत बसून पाहिला, कांदा भरणाऱ्या बायामाणसांच्या मधे, आणि लक्षात आलं की तो भोळा वाटणारा गडी पाटलाची आणि पुढाऱ्याची अब्रू ज्या सहजतेने काढतो, ते आमच्या बैठकीत कुणाला जमलं नसतं. फाळके जन्मले त्र्यंबकला, वारले नाशकात, आणि आपण सिनेमाला हलकं म्हणायचं? पुढच्या महिन्यात त्याच बैठकीत उभं राहून सांगितलं की मी न बघता बोललो होतो. दोन मिनिटं लागली. तू त्या ऐतिहासिक सिनेमाचं ट्रेलर पाहून जे बोललीस आणि मग सिनेमा पाहून तुझं मन पालटलं, तेही असंच ग्रुपवर सांग. नुसतं मला सांगून उपयोग नाही.

आणखी एक, आणि हे तुला लागेल. गेल्या वर्षी हिंदी सक्तीच्या वेळी तू मराठीसाठी पोटतिडकीने लिहिलंस. २९ जून २०२५ ला सरकारने दोन्ही शासन निर्णय रद्द केले तेव्हा पेढे घेऊन आलीस. मला अभिमान वाटला. पण आजीचा फोन आला की तू जिन्यात जातेस. ती तिकडून "काय करी राहिनी?" विचारते आणि तू आवाज दाबून उत्तर देतेस, मैत्रिणींना तुमची अहिराणी ऐकू जाऊ नये म्हणून. पहिल्या वर्षी होस्टेलवर तू सांगितलं होतंस ना, आमच्या घरी शुद्धच बोलतात? बागलाणातली तू, कशाला सांगितलंस ते? ज्या खोलीत ते बोललीस त्याच खोलीत आता आजीचा फोन घे, जिन्यात जाऊ नकोस.

फोटोबद्दल काय लिहायचं ते मी सांगणार नाही. माफीचे पाढे नकोत, "माझा हेतू चांगला होता" हे तर नकोच. फोटो कुठला होता, तू काय समजलीस, आणि तुझं म्हणणं आजही काय आहे. तीन ओळी. त्याच ग्रुपवर, आणि जिथे फोटो टाकला होतास तिथेही. टाकायच्या आधी मला दाखवायला आणू नकोस. टर उडवणारे आणखी दोन दिवस उडवतील. उडवू देत.

त्या सात जणांपैकी मामा धरून आता तिघे गेले. उरलेल्यांपैकी तिघांना मी आजवर गाठून सांगितलं आहे. एक राहिला. तो सिडकोत मुलाकडे असतो एवढं कळलं होतं, आणि मी चार वर्षं आज जाऊ उद्या जाऊ करतोय. तुला हे लिहिता लिहिता त्याच्या मुलाचा नंबर मिळवला. रविवारी सकाळी दहाला बोलावलंय. त्याला ऐकू कमी येतं म्हणे, मोठ्याने सांगावं लागेल.

तुझा,
काका