मदरसा बंद करू का, मॅडम?

"सर म्हणतात, मदरसा बंद करा, मग मराठी सुधारेल. काय करू मॅडम?" चिपळूणकडच्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा तिसरीत, मराठी शाळेत. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजानंतर तासभर मशिदीत अरबी शिकायला जातो. जोडाक्षरांवर अडतो.

मी सरांना भेटले. माणूस तळमळीचा. म्हणाले, "उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागते, त्यात गोंधळतो. ही मुलं मदरशातच अडकतात." त्यांच्याच वर्गातली एक मुलगी जैन पाठशाळेत जाते. तिच्या पाठांतराचं मात्र कौतुक चाललं होतं. मी विचारलं, "तिला कधी पाठशाळा बंद कर म्हणालात?" सर गप्प राहिले. त्यांच्या मनात द्वेष नव्हता, हे मी खात्रीने सांगते. पण एकाचं धर्मशिक्षण म्हणजे संस्कार आणि दुसऱ्याचं म्हणजे अडथळा, ही सवय मी अनेक चांगल्या शिक्षकांत पाहिली आहे. मुलांना ती बरोबर कळते.

आणि "ही मुलं" म्हणजे किती? देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी जेमतेम ३ टक्के. शाळा सांभाळून तासभर मशिदीत जाणं वेगळं. अहवाल त्याला मकतब म्हणतो.

मुलाला मी त्याचा कायदा, म्हणजे अरबीची पहिली पुस्तिका, आणायला सांगितला. बोट ठेवून, हिज्जे करत, "बे जबर ब" असं तो खणखणीत वाचत गेला. तिथे मौलाना रोज प्रत्येकाचा सबक, म्हणजे धडा, ऐकतात, चुकलं की लगेच सुधारतात. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आठवड्यातून एकदा, तीही चाळीस मुलांसमोर. हसतील म्हणून तो पुटपुटतो.

आईला म्हटलं, मदरसा बंद करू नका. गृहपाठ मात्र मगरिबच्या आधी उरकू दे, साडेआठला पोर पेंगतं. मराठीही सबकासारखीच घ्या: रोज दहा मिनिटं, बोट ठेवून, जोडाक्षर फोडून. 'पुस्तक' आलं की आधी 'स्', मग 'त'.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. रफार अजून चुकतो. पण सर आता मधल्या सुट्टीआधी त्याला जवळ बसवून एक परिच्छेद ऐकतात. परवा त्यांनीच विचारलं म्हणे, "काय रे, आज मदरशात कुठला सबक झाला?"