तर्री दिसते, वाटणातलं तेल दिसत नाही

या वेळी बरेच प्रश्न रश्शातल्या तेलाबद्दल आहेत.

प्रश्न: रस्सा झाला की वरची तर्री मी पळीने काढून घेते. मग आमचा रस्सा बिनतेलाचाच म्हणायचा ना? (वाचक, नाशिक)

ताई, तर्री काढता हे चांगलंच करता, पण हिशोब एकदा मांडून बघू. चार माणसांच्या रश्शाला चार मोठे चमचे तेल म्हणजे साधारण 55 ग्रॅम. वाटणात 40 ग्रॅम सुकं खोबरं असेल तर त्यात सुमारे 25 ग्रॅम स्निग्धांश. दोन चमचे दाण्याचं कूट घातलं की आणखी 9 ग्रॅम. झाले 89, म्हणजे माणशी 22 ग्रॅम. दोन मोठे चमचे तर्री काढलीत तर 28 ग्रॅमच्या आसपास गेले. तरीही प्रत्येकाच्या ताटात 15 ग्रॅम राहिले. वाटण बारीक वाटलं की त्यातला स्निग्धांश पाण्यात मिसळून बसतो. परतताना खोबऱ्याचं थोडं तेल सुटून वर येतं, पण सगळं येत नाही. ते पळीला सापडत नाही, म्हणून हात वाटणातच आखडता घ्यायला हवा.

तर्री लालभडक दिसते, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो. रंगासाठी चमचाभर तर्री पुरते. आणि एक विचारते, काढलेली तर्री जाते कुठे? पुष्कळ घरांत ती वाटीत जपून दुसऱ्या दिवशी मटकीच्या उसळीवर ओततात. तसं असेल तर ते तेल घरातल्यांच्याच पोटात गेलं, फक्त एक दिवस उशिरा.

प्रश्न: सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणून तांबडा बंद करून त्यांना पांढरा रस्साच देतो. त्यावर तेल नसतं. बरोबर आहे का? (वाचक, कोल्हापूर)

नाही, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. पांढऱ्या रश्शावर तवंग नसतो म्हणून तो हलका वाटतो. पण त्यात नारळाचं दूध असतं, काजू, तीळ, खसखस असते आणि खाली मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी असतं. नारळाच्या तेलातला 90 टक्क्यांच्या आसपास भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो तो हाच प्रकार, आणि मटणाच्या चरबीतही तो भरपूर असतो. काजू-तिळाचं तेल त्या मानाने बरं, पण उष्मांक तेवढेच.

पांढरा रस्सा बंद करा असं मी म्हणणार नाही, कोल्हापूरच्या माणसाला तर नाहीच. अळणी आदल्या रात्री शिजवा आणि गार झालं की पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी साय धरलेली दिसेल. माझ्याकडे ती चमच्याच्या टोकाने कडेने सोडवली की जाड पापडासारखी अख्खी उचलली जाते आणि खाली स्वच्छ, थलथलीत अळणी उरतं. ती चरबी टाकून द्या, मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबतो. मग नारळाचं पहिलं दाट दूध निम्मं करा आणि बाकी दुसरं पातळ दूध घाला. काजूही निम्मे. सासऱ्यांना वाटीभर द्या, दुसरी वाटी नको. औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांच्याही कानावर हे घाला.

प्रश्न: खोबरं कमी केलं की रस्सा पाणचट होतो. काय करावं? (वाचक, पुणे)

दाटपणासाठी भाजलेला कांदा वाढवा. कांदे गॅसवर सालासकट भाजून वाटले तर तेल लागतच नाही. चमचाभर भाजलेलं बेसन किंवा ज्वारीचं पीठ, नाहीतर घोटलेली डाळही रस्सा धरून ठेवते. सुक्या खोबऱ्याच्या जागी ओलं वापरलं तर त्याच वजनात स्निग्धांश बराच कमी जातो, कारण ओल्यात पाणी असतं. खोबरं कोरडंच, मंद आचेवर, तांबूस होईपर्यंत भाजा. खमंगपणा भाजण्यातून येतो, त्याला तेल लागत नाही. कांदा तळाला लागायला लागला की तेल ओतण्याऐवजी पाण्याचा हबका मारा आणि झाकणावर पाणी ठेवा. आमच्या आजीच्या पिढीला हे कुणी शिकवावं लागलं नाही, तेल तेव्हा महाग होतं.

प्रश्न: तेलाऐवजी साजूक तूप घातलं तर चालेल? (वाचक, ठाणे)

चवीला चालेल. उष्मांक तेवढेच, ग्रॅमला 9. संपृक्त भाग मात्र शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलापेक्षा तुपात कितीतरी जास्त. मी फोडणी तेलाची करते आणि तूप वरणभातावर घेते.

प्रश्न: रोज चमचे कोण मोजत बसणार? सोपा हिशोब सांगा. (वाचक, सोलापूर)

डबा मोजा. चार माणसांच्या घरात 5 लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2010 च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या बाईला 20 आणि पुरुषाला 25 ग्रॅम तेल-तूप रोजचं धरलं आहे, म्हणजे स्वयंपाकात वेगळं घातलेलं. तुमच्या घरात तीन लिटरमध्ये महिना निघाला तर माणशी 23 ग्रॅमच्या आत येता. पुढचा डबा फोडाल त्या दिवशीची तारीख त्यावर मार्करने लिहून ठेवा.