उत्तर: जांभ्याखालचा काळा दगड झाडाचाच, हे कशावरून?

पावसजवळ विहीर खणताना जांभ्याखालच्या चिकणमातीत लाकडासारखी काळी ढेकळं निघाली आणि ती झाडाचीच आहेत हे रसायनाने दाखवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडेही नेमका हाच माल निघाला होता. तो लिग्नाइट, म्हणजे झाडापाल्यापासून झालेला कच्चा, तपकिरी कोळसा. लाकडाच्या रेषा डोळ्यांना दिसतातच, त्यावर वेळ घालवत नाही.

मला सगळ्यात जास्त भोवलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. "नमुना उन्हात वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत आणा," असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. खेपा घालून शेवटी हाती काय आलं, तर ओलावा, राख, उष्मांक! अहो, मला काय चूल पेटवायची होती? या आकड्यांवरून कोळसा जळेल कसा ते कळतं, तो कशाचा झालाय ते नाही. वर उरलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेने परत केला, कारण प्लास्टिकमधली थॅलेटं (प्लास्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं) त्यात उतरली होती. उन्हाने चुरा झाला तो वेगळाच. तेव्हा ॲल्युमिनियम फॉइल आणि झाकणाची काचेची बरणी, बास. बोअरच्या मशीनचं ग्रीस लागलेला तुकडा तर घेऊच नका.

माझ्या मते पैसे घालायचे तर दोनच गोष्टींवर. पहिली लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ. लाकडातलं सेल्युलोज आधी कुजून जातं, लिग्निन मागे राहतं. ते रसायनाने तोडलं की व्हॅनिलिन आणि त्याची भावंडं सुटतात. सोबत सिरिंजिल गटातली संयुगं आली, तर बहुतेक सपुष्प झाडाचं लाकूड. नाही आली म्हणून लगेच पाइन-देवदार ठरवू नका, तो गट लवकर झिजतो. दुसरी गोष्ट पानांवरचं मेण. जीसी-एमएसच्या (मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राच्या) आलेखात 27, 29, 31 कार्बनच्या अल्केनांचे (मेणातल्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचे) सुळके शेजारच्या सम आकड्यांपेक्षा उंच दिसायला हवेत. ग्रीसमध्ये असा सम-विषम भेद नसतो, म्हणून ते लागलं की चित्र बिघडतं.

पिवळसर राळेचे मणी मिळाले तर वेगळे ठेवा. गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइटमधली राळ साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची, हे तिच्या रसायनावरूनच ठरलं.

कॉलेजच्या प्रकल्पापुरतं हवं असेल तर भुकटी कॉस्टिक सोड्याच्या कोमट पाण्यात टाका. लिग्नाइट असेल तर पाणी कोऱ्या चहासारखं गडद होतं, ते ह्युमिक आम्ल, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्यातून बनणारं गडद द्रव्य. नीट जळलेला लोणारी कोळसा टाकलात तर पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. मात्र यातून फक्त लिग्नाइट की लोणारी, एवढंच कळतं. झाड कुठलं ते नाही. हातमोजे, चष्मा घालाच, आणि मी रसायनतज्ज्ञ नाही, सरांना विचारून करा.

जाता जाता, अशा थरात लोहमाक्षिक (पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. हवा लागली की त्यातून आम्ल आणि लोह सुटतं. पाणी आंबूस किंवा तांबूस लागलं तर पिण्याआधी तपासून घ्या.