'सां-क्युलोत'ला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल वाचताना 'सां-क्युलोत' म्हणजे क्रांतीत उतरलेले पॅरिसचे सामान्य नागरिक भेटतात. त्यांना मराठीत 'विजारहीन' म्हणावं की 'श्रमिक', असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही नको.

'सां' म्हणजे विना. 'क्युलोत' म्हणजे गुडघ्याशी बंद होणारी तंग विजार, जिच्याखाली रेशमी मोजे चढवत. हा उमराव आणि श्रीमंतांचा पोशाख. पॅरिसचे सुतार, चांभार, छोटे दुकानदार घोट्यापर्यंत लांब विजार घालायचे. तिला फ्रेंचमध्ये 'पांतालों' म्हणतात, आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलेली 'पाटलोण' ती हीच. त्यामुळे 'विजारहीन' वाचून डोळ्यांपुढे उघडावाघडा माणूस उभा राहतो, ते साफ चूक आहे. अर्थाला धरून बोलायचं तर हे 'पाटलोणवाले'. हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'सां-क्युलोत' हा शब्द त्यांनी पुढे अभिमानाने मिरवला. क्रांतीच्या नव्या पंचांगात वर्षअखेरच्या जादा दिवसांना 'सां-क्युलोतीद' असं नावही मिळालं.

'श्रमिक'ची अडचण जास्त खोल आहे. इतिहासकार अल्बेर सोबूल यांनी पॅरिसच्या ४८ विभागांच्या सभांची दप्तरं चाळून जून १७९३ ते जुलै १७९४ या काळातल्या सां-क्युलोतांवर प्रबंध लिहिला. तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. सोबूल स्वतः मार्क्सवादी, तरीही हा एकजिनसी वर्ग नव्हता, असंच त्यांनी मांडलं. त्यात रोजंदारीवरचा कारागीर होता, तसा त्याला मजुरी देणारा उस्तादही होता. मजुरीच्या प्रश्नावर दोघांचं हित वेगळं, पण पावाचा भाव चढला की दोघं एकत्र. सप्टेंबर १७९३ मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या कमाल किमती कायद्याने ठरल्या, त्यामागे त्यांचाच रेटा होता. एकमेकांना अहो-जाहो न करता सरसकट 'तू' म्हणायचं, हाही त्यांचा आग्रह. 'श्रमिक' किंवा 'सर्वहारा' म्हटलं की मालक-कारागीर या चित्रातून गळतो आणि सोबूल यांनी दप्तरांतून काढलेलं नेमकं तेच हरवतं.

म्हणून मूळ शब्द ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे 'लांब पाटलोण घालणारे पॅरिसचे सामान्य नागरिक' असा खुलासा करावा, आणि पुढे 'सां-क्युलोतांनी', 'सां-क्युलोतांचा' असा मराठी प्रत्यय लावून बिनधास्त चालवावा.