पुन्हा घोडा घ्यायचाय? या दत्तजयंतीला नको

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. वय ४४. लहानपण शिरपूरजवळच्या गावात, आजोबांची घोडी होती, तिच्यावर बिनखोगिराच्याही रपेटी मारल्या. बारावीनंतर सगळं सुटलं. आता नाशिकजवळ दोन एकर जागा आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि या डिसेंबरात सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात जाऊन तीन वर्षांची मारवाडी वछेरी घ्यायची आहे, "म्हणजे ती आणि मी बरोबरच शिकू". विचारलंय एवढंच, की बजेट किती ठेवू आणि खोगीर कुठलं घेऊ.

खोगिराचं शेवटी सांगते. आधी त्या वछेरीला नाही म्हणा. सारंगखेड्याला मात्र जरूर जा. तापीकाठचा तो बाजार बघण्यासारखाच असतो, आणि तुमचं तर माहेर तिकडचं. फक्त यंदा रिकाम्या हाताने परत या.

तीन वर्षांची घोडी दिसायला पूर्ण वाढलेली असते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. डोक्याने तर ती कोरीच. टाच लागली की पुढे जायचं, लगाम आला की थांबायचं, हे तिला रोज त्याच पद्धतीने सांगणारा स्वार लागतो. ज्याचा तोल अजून डळमळतोय त्याचा हात दुडकीत (संथ धावेत) दर दोन-चार पावलांना लगामाला हिसका देतो. मुरलेला घोडा ते सोडून देतो. वछेरी मात्र त्यातून तोंड घट्ट करून ओढायला शिकते, नाहीतर पुढचे पाय उचलायला. मग तिला कुणा चाबुकस्वाराकडे, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याकडे, सोडायचं, तो आणखी कडक लगाम घालणार, आणि वर्षभराने ती पुढच्या यात्रेत विकायला उभी. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

"पण मला बसता येतं की," असं मनात आलं असेल. मांड पूर्ण विसरत नाही, मान्य. पण डोक्यात आठवण आहे ती अठराव्या वर्षीच्या शरीराची, आणि घोड्यावर चढणार आहे ते वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत बसलेलं. जांघा आखडलेल्या असतात, कंबर चालीबरोबर हलत नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच असते. घोडा बिचकला की मोठी माणसं पुढे वाकतात, पाय आवळतात आणि लगाम ओढतात, तिन्ही एकाच वेळी. पाय म्हणतात चल, लगाम म्हणतो थांब, आणि पुढे पडलेल्या वजनाने घोडा आणखीच सुटतो. लहानपणी असं होत नव्हतं, कारण पडण्याचं काही वाटतच नव्हतं. आता गृहकर्ज, पोर, पाठदुखी सगळे आपल्याबरोबर खोगिरावर चढतात. मी चाळिशीनंतर परत सुरू केलं तेव्हा पायऱ्यांवरून उतरतानासुद्धा मांड्या थरथरत होत्या, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये.

म्हणून हे वर्ष दुसऱ्यांच्या घोड्यांवर काढा. नाशिकात, पुण्यात रायडिंग शिकवणाऱ्या जागा आहेत. निवडताना आधी घोडे बघा. पाठीवर, तंगाच्या (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जागी जखमा आहेत का, बरगड्या मोजता येतात का, पाण्याची टाकी स्वच्छ आहे का. काटेरी लगाम दिसला तर तिथूनच परत फिरा, तो कायद्यानेही बंद आहे. गुरुजींना सांगा की सुरुवातीचे तास मला लंजवर हवेत. लांब दोरीवर घोडा गोल फिरतो, त्याची जबाबदारी दोरी धरणाऱ्याची, आणि तुमचे हात मोकळे. रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढून, हात बाजूला पसरून, डोळे मिटून बसायला लावणारा गुरुजी मिळाला तर सोडू नका. घोड्याच्या मानेभोवती एक साधा पट्टा बांधून घ्या. तोल गेला की लगाम न ओढता तो पकडायचा. अनेक जुने स्वार अजून वापरतात, त्यात कमीपणा नाही. आणि हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, मोटरसायकलचं किंवा क्रिकेटचं नाही. एकदा डोक्यावर जोरात पडलात की ते बदलायचं, वरून कितीही चांगलं दिसलं तरी. बुटाला छोटी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. घोड्यामागे फरपटण्याचे अपघात बहुतेक तिथूनच होतात.

याच काळात फक्त बसू नका. खरारा करा, खूर साफ करा, चंदी (धान्य) भरा, लीद उचला. कुणाचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, चार दिवस गावी गेला तर "मी बघते" म्हणा. भर पावसाळ्यात चिखलातून दोन वेळा पागेत जाऊनही घोडा हवासाच वाटला, तर मग घ्या.

आता कोणता घ्यायचा ते. दहा ते चौदा वर्षांचा, रस्त्यावर मोटारी, कुत्री, प्लास्टिकच्या पिशव्या बघून झालेला, शक्यतो खच्ची केलेला, ज्याला क्लबात गेल्डिंग म्हणतात तो. आपल्याकडच्या बाजारांत असे कमी दिसतात, कारण देशी घोडा लोक पैदाशीसाठी आणि मिरवण्यासाठी घेतात, त्यामुळे नर असेल तर बहुधा अखंडच. मग शांत स्वभावाची पोक्त घोडी बघा. अखंड नर पहिल्या घोड्यासाठी नकोच, मालक कितीही म्हणाला की गाईसारखा आहे. "चौदा वर्षं म्हणजे म्हातारा" असं बाजारात ऐकवतील. नीट ठेवलेला घोडा विशीतही हलकी स्वारी देतो.

सारंगखेडा असो, अकलूज असो, जिथे गर्दी जमते तो घोडा नाचणारा असतो. त्याला लगामाचा ताण आणि टाचेचा स्पर्श म्हणजे जागच्या जागी पाय उचल, नाहीतर दोन पायांवर उभा राहा, असं शिकवलेलं असतं. तुम्ही मळ्यातल्या वाटेवर त्याला थांबवायला लगाम घ्याल आणि तो इमानदारीने उभा राहील, मागच्या दोन पायांवर. त्याची चूक नाही, त्याला तेवढंच माहीत आहे. अंगावरचे केसांचे भोवरे, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, कानांची टोकं जुळतात का, यावर किंमत लाखांनी हलते. तुमच्या उपयोगाच्या दृष्टीने त्याचा काडीचा संबंध नाही. एक गोष्ट मात्र खरंच बघा: मारवाडी-काठेवाडी घोड्यांत काहींना उपजतच रेवाल चाल असते. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर पडतात, त्यामुळे दुडकीसारखे दणके बसत नाहीत. पाठदुखीवाल्यांना ही चाल म्हणजे वरदान.

रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात, कधी फुकटही मिळेल असं कुणीतरी सांगेलच, पुणे-मुंबईत रेसकोर्स असल्याने. घोडे गुणी असतात. पण लगाम आखडला की जोर लाव, हे त्यांना दुसऱ्या वर्षापासून मुरवलेलं असतं. तुम्ही घाबरून लगाम आखडणार आणि त्याला तो वेगाचा इशारा वाटणार. पोटातले अल्सर आणि पातळ खूर हेही बऱ्याचदा बरोबर येतात. एखाद्या जाणत्याने वर्षभर नव्याने शिकवलेला असेल तरच विचार करा.

वजनाचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून इथे करते. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत ठेवावं. ३५० किलोच्या घोडीला ७० किलो. तुम्ही ६० किलोच्या आणि खोगीर ८ किलोचं असेल तर जमलं. पण यजमान ८५ किलोचे असतील तर त्यांनी त्याच घोडीवर रविवारची रपेट मारायची नाही, स्पष्टच सांगते. आपल्या भीमथडी तट्टांबद्दल मला फार माया आहे. धनगरांचे संसार पाठीवर वाहिलेली ही काटक जात, अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. तुमच्या मुलीला उद्या तसं तट्टू छान, मोठ्या माणसाला मात्र लहान पडतं.

पसंत पडलेला घोडा न सांगता सकाळी जाऊन बघा. तो मोकळा असताना कसा पकडू देतो, तंग आवळताना चावायला येतो का, चारही पाय उचलू देतो का. तुम्ही पोहोचण्याआधीच खोगीर चढवून घाम काढलेला असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. आधी मालकाला त्यावर बसायला सांगा. तो बसायला टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही बसू नका. वय दातांवरून बघतात, पण पाचव्या वर्षी जबडा भरेपर्यंतचा अंदाजच पक्का असतो, दहाच्या पुढे सगळं अधिक-उणे. तुमचा स्वतःचा पशुवैद्य न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. रक्ताची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका, त्यातही ग्लँडर्सची. हा रोग माणसाला होतो, जीवघेणा असतो, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला मारावंच लागतं, उपचाराची मुभा नाही. अहवाल नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रासारख्या ठिकाणी तपासून आलेला हवा. "आमच्याकडे तसलं काही नसतं" हा अहवाल नव्हे.

बजेट विचारलंत. घोड्याची किंमत एकदाच जाते, तोंड मात्र रोज चालतं. ४०० किलोचा घोडा वजनाच्या दोन टक्के, म्हणजे दिवसाला ८ किलो सुका चारा खातो. वर्षाला जवळपास ३ टन. तुमच्या दोन एकरांत पावसाळा सोडला तर तेवढं गवत नाही, म्हणजे विकत घेऊन, कोरड्या जागेत रचून ठेवायचं. पाणी दिवसाला ३० लिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, नाल नसले तरी खूर तासायला. नाशिकच्या आसपास चांगला नालबंद कोण आहे हे घोडा शोधण्याआधी शोधा. घोड्यांची सवय असलेला पशुवैद्यही तसाच, कारण गाई-म्हशींचे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात की घोड्याला हात लावायची सवय नाही.

खाण्याबद्दल तुमच्या आजोबांच्या काळापेक्षा एक धोका नवीन आहे. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू खराब करतं, थोड्या प्रमाणातही मरण येतं. शेजारच्या गोठ्यातली पेंड "थोडी घाल" म्हणून तोबऱ्यात जाता कामा नये, आणि हे गड्यालाही शंभरदा सांगा. बाकी चारा आधी, चंदी नंतर, धान्य एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नाही. कडबा जाड असेल तर कुट्टी करून, आणि बुरशीचा वास आला तर गड्डीच्या गड्डी बाहेर. घोड्याला उलटी होत नाही, जठर अंगाच्या मानाने लहान, त्यामुळे पोटात अडकलं की पोटशूळ. खूर आपटतो, वळून कुशीकडे बघतो, लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी खाणं काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा, गावठी काढे नळीने पाजू नका, फुप्फुसात जातात. पागेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा: तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४. आराम करताना नाडी ६० च्या वर गेली की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन.

धनुर्वाताची लस चुकवायची नाही, घोडा त्याला फार हळवा, आणि माती-लिदीत तुमचे हात असणार म्हणून तुम्हीही घ्या. पावसाळ्यात आणि नंतर गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, घोडा वाळतो, पोटाखाली सूज येते. वेळेत रक्त तपासलं तर औषध आहे.

आणि घोडा एकटा ठेवू नका. दिवसभर कुंपणाशी फेऱ्या घालणारा एकटा घोडा स्वारीतही भित्रा होतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर एखादं गाढव, नाहीतर शेळी. लोक हसतील, हसू द्या.

खोगीर: घोडा ठरल्याशिवाय घेऊ नका. पाठीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. मधल्या पन्हळीतून उजेड दिसला पाहिजे, खांद्याच्या हाडावर टेकता कामा नये. नवीन स्वस्त खोगिरापेक्षा चांगलं जुनं घ्या.

मुलीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहे हे दिसतंय. तिला या वर्षापासूनच तुमच्याबरोबर शिकायला न्या, वेगळ्या घोड्यावर. तुम्ही दोघी एकाच घोड्यावर आलटून-पालटून बसणार असाल तर तो निवडताना तिचा विचार आधी.

यात्रेत फोटो काढून इथे टाकाल तर त्यावरून कुणी काही सांगू शकणार नाही. व्हिडिओ टाका, कडक जमिनीवर, हातात दोरी धरून, आधी चालत आणि मग दुडकीत, समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. लगाम सैल असू दे, म्हणजे मान वर-खाली होते का, म्हणजेच घोडा लंगडतो का, ते दिसतं. मी बघेन, आणि इथले दोघे-तिघे माझ्याहून चांगल्या नजरेचे आहेत, तेही बघतील.